साडूपेक्षा सरस धनुष्य

लाकडातलं मला कळतं! फर्निचरच्या दुकानात आयुष्य गेलंय माझं. सोफे विकण्यात गेलं, बनवण्यात नाही, पण लाकूड ते लाकूडच ना! त्यामुळे माझ्या साडूने घरच्या घरी, स्वतःच्या हाताने लाकडी धनुष्य बनवलं आणि आमच्या बायकोने "भावोजींच्या हातात काय कला आहे हो!" असा जप सुरू केला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा ओततानाही भावोजी, केर काढतानाही भावोजी! मी ठरवलं, त्याच्यापेक्षा सरस धनुष्य करायचं आणि रविवारी सासऱ्यांच्या अंगणात, सगळ्यांदेखत, हिच्या तोंडून माझं कौतुक वदवून घ्यायचं.

सहज म्हणून साडूकडे गेलो. धनुष्य दोरी उतरवून भिंतीवर टांगलेलं. गुळगुळीत, देखणं, दोन्ही टोकं झोकात वळलेली. नुसता जळफळाट झाला माझा!

"दोरी चढवून दाखवू का?" साडू म्हणाला.

"छे छे! कशाला उगाच त्रास?" त्याचा तोरा आणखी कोण बघत बसणार?

तो पाणी आणायला आत गेला, तेवढ्यात मी धनुष्य खाली काढून वर्तमानपत्रावर त्याचा आकार गिरवून घेतला.

दुकानामागे मोडक्या पलंगाची लांब पट्टी पडली होती, ती घरी आणली. डावी बाजू ताठ वाटली म्हणून कानशीने घासली. मग उजवी ताठ वाटली, तीही घासली. मग पुन्हा डावी! भुसा पार साखरेच्या डब्यात गेला. टोकं वाफेवर मऊ करायला कुकर अडवला, आणि वळण बसावं म्हणून ती कपाटाच्या दारात घट्ट अडकवली.

"अहो, माझे ऑफिसचे कपडे आत आहेत!" बायको ओरडली.

"कलेसाठी थोडं सोसावं लागतं!"

"भावोजींनी नाही हो कुणाचं कपाट अडवलं!"

पुन्हा भावोजी!

वळण मात्र झकास बसलं. आता दोरी कुठल्या बाजूला लावायची, यात विचार करण्यासारखं काय होतं? धनुष्य जिकडे वाकलंय तिकडेच! चुटकीसरशी चढली. साडूला म्हणे दोरी चढवताना घाम फुटतो! मी लगेच सासऱ्यांना फोन लावला. "मामा, साडूच्या धनुष्यात काहीतरी दोष दिसतोय हो!"

रविवारी सगळे अंगणात जमले. साडूने आपलं धनुष्य मांडीला टेकवलं आणि वळणाच्या चक्क उलट्या दिशेला वाकवायला सुरुवात केली! मोडणार, मोडणार! मी मनातल्या मनात टाळ्यासुद्धा वाजवल्या. मोडलं कुठलं? दोरी चढली, बाण सूं करून गेला आणि नेमासाठी समोर ठेवलेल्या गोणीच्या मधोमध रुतला.

मी पुढे झालो.

"साडूभाऊ, थांबा," तो म्हणाला, "तुमची दोरी उलट्या बाजूला..."

"जळताय होय?" म्हणत मी ताकदीने दोरी खेचली.

काड्! धनुष्याचे दोन तुकडे झाले, त्यातला एक सणसणीत माझ्या नाकावर! बाण माझ्याच चपलेवर पडला.

साडूने धावत येऊन मला खुर्चीत बसवलं, कापूस आणला, रक्त थांबवलं. "टोकांचं वळण पुढे हवं असतं हो," तो हळूच म्हणाला. "त्याच्या उलट वाकवलं की जोर येतो." आणि नाकावर पट्टी बांधली.

बायको जवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी! मला वाटलं, आता तरी माझ्याविषयी दोन शब्द बोलेल. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नाक नीट न्याहाळलं.

"काय सुबक पट्टी बांधलीत हो, भावोजी!" ती म्हणाली आणि फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मी आरशात पाहिलं. खरंच सुबक होती. तेच जास्त झोंबलं!