टपालरावांची सात मिनिटं

"अहो, गाडी करा. पावणेदहा होत आले," बायकोने स्टेशनाच्या पायरीवरच बजावलं.

"गाडी? या गावात?" टपालरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने न्हाणीघरात जायला होडी मागितली होती. "सात मिनिटं लागतात. पायी. सावलीसावलीने."

ही सात मिनिटं ती सहा वर्षं ऐकत होती. टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर दोघं मुलाकडे नव्या शहरात राहायला गेली, बाराव्या मजल्यावर. तिथे दूध आणायलाही गाडी काढावी लागे आणि झाड बघायचं तर कठड्यावरून वाकावं लागे. त्या उंचीवर बसून टपालराव रोज जुन्या गावाचे गोडवे गात. तिथल्या दगडी बोळांवर वेलींचं छप्पर, सावली अशी दाट, की भरदुपारी कोंबडे उजाडलं समजून आरवायचे! शेवटी बायकोने निकाल दिला, "एकदा जाऊ. खोली मिळाली आणि मला आवडली तर राहू. नाहीतर त्या गावाचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही."

खोली होती नदीकाठी. घरमालकीण टपालरावांनी गाव सोडल्यानंतर तिथे आलेली आणि वेळेची भारी कडक. तिने पत्रात लिहिलं होतं, 'बरोबर दहाला यावे. दहा वाजून पाच मिनिटांनी खोली दुसऱ्याला दाखवीन.'

वेशीतून आत शिरलं की समोर उतार आणि उताराच्या टोकाला नदी. टपालराव डावीकडे वळले.

"अहो, नदी समोर दिसतेय!"

"दिसू दे. माझा रस्ता इकडून."

चौतीस वर्षं त्या पायांनी याच क्रमाने टपाल वाटलं होतं. वेशीपासून डावीकडे, मग एकही घर न वगळता ओळीने, आणि नदी सगळ्यात शेवटी. डोकं सरळ चल म्हणत होतं, पण पाय खात्याच्या नियमाबाहेर जायला तयार नव्हते.

पहिलंच दार घड्याळजीचं. "टपालराव! तुम्ही गेलात असं ऐकलं होतं."

"बाराव्या मजल्यावर होतो."

"मग फार फरक नाही. बरं, पुढे निघालाच आहात, तर शिंपीणबाईंचं हे घड्याळ तेवढं टाका जाता जाता."

या माणसाने उभ्या आयुष्यात कुठल्या दारात नाही म्हटलं नव्हतं. शिंपीणबाईंनी घड्याळ घेतलं आणि पाववाल्याचा कोट दिला. पाववाल्याने कोट घेतला आणि शाळेतल्या बाईंसाठी दोन गरम पाव दिले. बाईंनी पाव घेतले, एक शिडी दिली आणि वर म्हणाल्या, "ही घड्याळजींची. पण ते तर मागे राहिले, नाही का?"

"त्यात काय, आलोच!" म्हणून टपालराव शिडीसकट चढ चढून परत गेले. तिथून परतताना त्यांच्या एका काखेत छत्री होती, दुसरीत कोंबडी.

"ही कोणाची?" बायको कडाडली.

"नदीकाठच्या मासेवाल्याची. धर जरा, माझे हात भरलेत."

"सव्वाअकरा झाले! खोली गेली! आणि मी इथे कोंबडी धरून उभी!"

तेवढ्यात वरच्या खिडकीतून हाक आली, "वहिनी! अगं बाई, तुम्हीच ना?" वहिनी 'एक मिनिट' म्हणून तुतीच्या झाडाखालच्या बाकावर टेकल्या. कोंबडी मांडीवर. ते एक मिनिट चाळीस मिनिटं चाललं, आणि त्यात कोणाची सून कशी आहे ते सगळं समजलं.

नदीकाठचं घर आलं तेव्हा पाऊण वाजला होता. दाराला कुलूप.

टपालरावांनी छत्री भिंतीला टेकवली. चेहरा असा उतरला, की अंगावरचा शर्टही सैल वाटू लागला. "माझंच चुकलं. संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ. नाव काढणार नाही पुन्हा."

चपला काढून बायको थंडगार पायरीवर बसली. समोर पाण्यावर झाडं ओणवी झाली होती.

इतक्यात घरमालकीण धापा टाकत आली. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात कोणाचा तरी आरसा, खांद्यावर सतरंजी.

"अगंबाई! पावणेदहाला नुसती कोपऱ्यापर्यंत गेले होते हो! घड्याळजींनी हाक मारली, मग शिंपीणबाईंनी... या गावात माणसाला सुटका नाही! तो दुसरा माणूस येणार होता ना, तोही भेटला वाटेत. तीन खुर्च्या होत्या त्याच्या डोक्यावर. तुम्ही कधीपासून खोळंबलात?"

टपालरावांनी प्रामाणिकपणे तोंड उघडलं.

"दहाला दोन कमी होते तेव्हापासून," बायको म्हणाली. "पायरीवर बसून पाठीला रग लागली. पण आम्ही बोललो का काही?"

घरमालकीण लाजेने लाल झाली. "आणि ही कोंबडी?"

"आमचीच. हिला एकटीला मागे कशी ठेवायची?"

घरमालकिणीने कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. संसाराच्या एकेचाळीस वर्षांत टपालरावांनी बायकोच्या तोंडून एकही खोटं ऐकलं नव्हतं. आज एका दमात दोन! ते तिच्याकडे बघतच राहिले.

"बघत काय उभे राहिलात?" ती उठत म्हणाली. "वर जाऊन खिडक्या उघडा. मी मासेवाल्याकडे जाऊन येते. दोन मिनिटांत."

ती संध्याकाळी सहाला परतली.