मोटर कुणाकडंच न्हाई

भैरूने ड्रममध्ये डोकावून पाहिलं आणि पहिली शिवी चोराला हासडली.

"बानू, औषध कुणी चोरलं गं?"

कांद्यावर फवारायला त्याने दोनशे लिटरच्या ड्रमात औषध ओतलं होतं, नळाची नळी तळापर्यंत सोडली होती आणि फवारणीचा पंप आणायला तो गोठ्यात गेला होता. परत येतो तर काठापर्यंत आलेलं दुधासारखं पांढरं पाणी निम्म्यावर!

बानूबाईचा सोमवार होता. शंकराचं नाव घेत ती तुळशीजवळून उठली आणि ड्रमापाशी आली. नळीचा नळाकडचा भाग थरथरत होता. ड्रमातलं पाणी गोल फिरत नळीच्या तोंडात शिरत होतं.

"अवो, चोर न्हाई. नळच औषध पितोय."

भैरू हसला. त्याने नळीच्या तोंडाशी तळवा नेला. नळीने तो घट्ट ओढून धरला. भैरूचं हसू तिथंच थांबलं. त्याने नळी बाहेर खेचली, तर ती सूं सूं करत वारा ओढू लागली.

वस्तीवर नळ पाऊण तास येतो आणि धार करंगळीएवढी. कुणी गुपचूप मोटर लावली की बाकीच्यांच्या नळाला नुसता वारा. आज इतक्या जणांनी ओढलं होतं, की लाइन रिकामी पडली आणि तिने भैरूच्या ड्रमातून प्यायला सुरुवात केली.

"म्हंजी औषध लोकांच्या टाकीत?" बानूबाईने विचारलं.

"हळू बोल. पाण्यात पाणी मिसळून जाईल. कुणाला काय कळतंय?"

"लेकरं पितील वो."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण बानूबाईने कोंबडीलासुद्धा कधी मोठ्याने हाकललं नव्हतं. ती पदर खोचून रस्त्यावर गेली आणि ओरडली, "पाणी पिऊ नका!" आवाज असा बारीक, की फक्त दगडाबाईच्या शेळीने मान वळवली. बानूबाईने डोळे मिटले, देवाला हात जोडले आणि परत ओरडली. या खेपेला सगळी वस्ती बाहेर आली.

ग्रामपंचायतीचं पाणी सोडणारा शंभूमामा लाइनीचा वॉल बंद करून मोटरसायकलवर आला. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"ज्यानं मोटरनं ओढलं, त्याच्याच टाकीत औषध. बोला, मोटर कुणाकडं हाय?"

मोटर सापडली की कनेक्शन तोडायचं, असा ठराव झालेला. त्यावर सह्या याच सगळ्यांच्या.

"खंडोबाची आण, आमच्यात मोटर न्हाई," दगडाबाई म्हणाली.

"आमच्यात बी न्हाई."

"आमी तर बघितली बी न्हाई कवा."

"आन् माझी तर गुरुवारपासनं तळेगावला रिपेरीला पडलीय!" भैरू जोरात म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं.

शपथा घेणाऱ्या या अकरा घरांतल्या कुठल्या तरी टाकीत विष होतं, आणि त्याच घरचा माणूस मोटर नाही म्हणत होता.

तेवढ्यात शेजारची करुणा अंगणवाडीतले स्टीलचे पेले ताटात मांडून आली. करुणाच्या नळाला महिनाभर थेंब नव्हता, त्यामुळे मोटर कुणाकुणाकडे आहे हे तिला तोंडपाठ होतं.

"मोटर न्हाई तर भ्यायचं कशाला?" ती शांतपणे म्हणाली. "आपापल्या टाकीतलं पेलाभर पाणी आणा आन् इथं सगळ्यांसमोर प्या."

ताट तसंच राहिलं. माणसं आभाळाकडे बघू लागली.

इतक्यात दगडाबाईची सून प्रगती मागच्या दाराने आली. झाल्या प्रकाराचा तिला पत्ता नव्हता. कडेवर लेक, आणि हातातलं फुलपात्र लेकीच्या तोंडाला लावलेलं. दगडाबाई धावली. तिने फुलपात्र असं उडवलं, की ते समोरच्या पत्र्यावर जाऊन वाजलं.

"अगं, पाजू नको! मगाशी अर्धा तास मोटर लावली व्हती ना आपण!"

"पिली का पोरगी?" बानूबाई पुढे धावली.

"न्हाई, ओठालाच लागलं," प्रगती रडवेली होऊन म्हणाली. बानूबाईने पदराने त्या लेकराचे ओठ पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. पदर कोराच होता, पांढरं काही नव्हतं.

मग कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सगळे घरात पळाले. टाक्या उलट्या झाल्या, हंडे उपडे झाले. अकरा घरांतून अकरा ओहोळ रस्त्यावर आले. दगडाबाई सोडून एकाही घराने मोटर कबूल केली नाही, फक्त पाणी ओतलं.

बानूबाई मात्र वाकून एकेक ओहोळ बघत चालली. सगळं पाणी काचेसारखं नितळ. ती भैरूकडे वळली.

"अवो, निम्मा ड्रम गेलाय. मग पांढरं पाणी कुठंय?"

करुणाने बोटांवर घरं मोजली. "लाइनीच्या शेवटाला, उताराला अजून एक घर हाय."

सगळ्या माना शंभूमामाकडे वळल्या. शेवटचं घर त्याचंच होतं.

"माझ्याकडं कुठली आलीय..." म्हणता म्हणता शंभूमामाने फोन काढला. घाईत बोट कुठं लागलं आणि स्पीकर कधी चालू झाला, ते त्याला समजलं नाही.

"टाकीतलं पाणी पिऊ नको! पिली का?"

"न्हाई वो," पलीकडून त्याची बायको म्हणाली. "ताकावानी पांढरंफेक आलंय, वास बी मारतोय. म्हटलं, तुम्हीच पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर जादा टाकली असंल. हंडाच भरला न्हाई मी."

बानूबाईने तिथंच देवाला हात जोडले.

"पर आता नुसता वारा येतोय," फोन पुढे बोलत होता. "मोटर बंद करू का?"

शंभूमामाने कुणाच्याही डोळ्याला डोळा न भिडवता अगदी हळू सांगितलं,

"कर."