एक्केचाळीस जणांची एकच अपेक्षा

आशालता गुप्ते यांच्या वधू-वर सूचक केंद्रात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढे बसणारी एकच कीर्ती म्हात्रे होती. दोघंही जरा सावकाश चालत. कॉम्प्युटर जुना होता म्हणून, आणि कीर्तीच्या डाव्या हाताला खिडकी होती म्हणून. खिडकीतून पनवेलचं वडाळे तळं दिसे. लोकांनी कागदावर भरून दिलेला फॉर्म वेबसाइटवर चढवायचा आणि ‘पाठवा’वर टिचकी मारायची, एवढं तिचं काम. टिचकी मारली की पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत राही, आणि तेवढ्या वेळात कीर्ती तळ्याला एक फेरी मारून परत येई. शरीराने नाही, पण येताना तिच्या चेहऱ्यावर वारा लागल्यासारखं दिसे खरं.

२०१०च्या जानेवारीत एका दुपारी त्या घड्याळाच्या जागी एक चौकोन उगवला. ब्राउझरची नवी आवृत्ती तयार होते आहे, सध्या बीटा आहे, वापरून बघता का, असं त्यात नम्रपणे विचारलं होतं. इतक्या नम्रपणे कीर्तीला बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं. तिने होकार दिला.

आशालताबाईंनी चष्म्यावरून बघत बीटा म्हणजे काय ते विचारलं.

“अजून पूर्ण तयार झालेलं नसतं, काकू. पण वापरून बघा म्हणतात. चुका निघाल्या तर कळवायच्या.”

“म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या मुलांसारखंच,” म्हणून बाई पुन्हा पत्रिका जुळवण्यात गढल्या.

तासाभरात नवा ब्राउझर उतरला. तो उघडला तेव्हा कीर्तीला दार न वाजता उघडल्यासारखं वाटलं. सगळं पांढरं, मोकळं, कुठे गर्दी नाही. आपण जे टाइप कराल ते मी लक्षात ठेवू का, असंही त्याने विचारलं. त्यालाही तिने होकार दिला. मग चालतंय की नाही ते बघायला तिने एक खोटा फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं ‘चाचणी’. वय चौतीस, कारण तेच चटकन आठवलं. उंची, शिक्षण, गाव. शेवटचा रकाना होता ‘जोडीदाराबद्दल अपेक्षा’.

सात वर्षं ती हा रकाना दुसऱ्यांसाठी भरत होती. स्वतःचा फॉर्म तिने भरला नव्हता. घरच्यांना वाटे, तिथेच नोकरीला आहे, भरला असेल. आशालताबाईंना वाटे, हिला भरायचा असता तर हिने भरला असता. बाहेर उन्हात तळं चमकत होतं. बोटं आपोआप चालली: ‘वडाळे तळ्यावर बसून पाणकोंबड्या मोजाव्यात. मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून मोजावी. घरी जायची घाई करू नये.’

वाचून तिला स्वतःचंच हसू आलं. तिने नोंद पाठवली, नीट गेली म्हणून खूश झाली आणि लगेच काढून टाकली. वेबसाइटवरून ती गेली. ब्राउझरने मात्र लक्षात ठेवायचं कबूल केलं होतं.

पुढचे दहा दिवस फार सुखाचे गेले. कीर्तीने ‘न’ टाइप केला की ‘नवीन पनवेल’ पुढे येऊन उभं राही, ‘बी’ला ‘बी.कॉम.’ हजर. साचलेले एक्केचाळीस फॉर्म तिने चढवले. प्रत्येकाची अपेक्षा कागदावर होती तशीच अक्षर न् अक्षर टाइप केली: गोरी, सुशिक्षित, मनमिळाऊ, निर्व्यसनी, स्वतःचं घर. पण बीटाची एक खोड अशी होती, की ‘पाठवा’वर टिचकी पडली की तो शेवटच्या रकान्यातला मजकूर पुसून आपल्या आठवणीतला पहिला मजकूर तिथे ठेवून देई. हे पडद्यावर दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्या क्षणी कीर्ती तळ्यावर असे.

पहिला फोन नवीन पनवेलच्या एका निवृत्त गृहस्थांचा आला. मुलीला पक्ष्यांची नावं यायला हवीत की नुसती मोजता आली तरी चालेल, असं त्यांनी विचारलं. कीर्तीने राँग नंबर म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या बाईंनी विचारलं की घरी जायची घाई करू नये म्हणजे मुलाला घरी कोणी त्रास देतं का. तिसरा फोनही पाणकोंबड्यांचाच आला. ती वेबसाइट उघडून बघणार, तोच वेणूताई पाटील जिना चढून आल्या आणि धापा टाकत समोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या प्रणितचा फॉर्म त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतला होता. मुलगी उंच हवी, पदवीधर हवी आणि चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण करता यायला हवं.

“ठाण्याच्या लोकांचा फोन आलता,” वेणूताई म्हणाल्या. “पोरगा बरा हाय ना, म्हनून इचारतात. आमी कवा सांगितलं पाणकोंबड्यांचं? माजा प्रणित मोबाईलवरशी मान वर करीत नाय, तो काय मोजनार?”

आशालताबाई उठून कॉम्प्युटरपाशी आल्या. कीर्तीने एकेक नोंद उघडली. बँकेतला कारकून पाणकोंबड्या मोजणारी मागत होता, दंतवैद्य मुलगीही तेच मागत होती, एका घटस्फोटित प्राध्यापकांनाही घरी जायची घाई नव्हती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. बाईंना वाटलं, बाहेरच्या कोणी तरी खोडसाळपणा केला. कीर्ती घाईने म्हणाली, की कोणी नाही, हे नव्या ब्राउझरने आपल्या मनाने केलं.

“कॉम्प्युटरला वडाळे तळं कसं माहीत?” बाईंनी विचारलं.

कीर्तीचे कान तापले. आपण सात वर्षं खिडकीतून काय बघतो ते आता एक्केचाळीस घरांत चहाबरोबर वाचलं जात होतं. “मी लिहिलं होतं,” ती शेवटी म्हणाली. “माझ्यासाठी. म्हणजे, चाचणी म्हणून.”

वेणूताई उगाच पदर नीट करत राहिल्या. मग बाईंनी ठरवलं ते असं: बीटा आजच्या आज काढायचा, सगळ्यांच्या खऱ्या अपेक्षा जुन्या ब्राउझरमधून पुन्हा चढवायच्या, आणि घरोघरी फोन करून माफी मागायची. पंचवीस वर्षांचं केंद्राचं नाव होतं, ते पाणकोंबड्यांवर घालवायची त्यांची तयारी नव्हती.

फोन करायला बसल्यावर नवीनच समजलं. निम्म्या घरांनी एकमेकांशी आधीच बोलून घेतलं होतं. दोन्ही बाजूंची अपेक्षा शब्दशः जुळते, असं स्थळ पुन्हा कुठे मिळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि भेटायची जागा वेगळी ठरवावीच लागली नव्हती. रविवारी संध्याकाळी, तळ्यावर. ठाण्याची मंडळीसुद्धा, मुलगा बरा असल्याची खात्री करून घ्यायला, येणार होती.

तेव्हा रविवारी आशालताबाई आणि कीर्ती खऱ्या अपेक्षांचे छापील कागद घेऊन तळ्यावर गेल्या. ऊन उतरून पिवळं झालं होतं. पाण्यावर बारीक सुरकुत्या होत्या. काठावर हातहातभर अंतर ठेवून अकरा जोड्या बसल्या होत्या, आणि मागे बाकांवर त्यांचे आईवडील, डबे मांडीवर घेऊन. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. अधूनमधून कोणी तरी “एकोणीस” म्हणे आणि कोणी तरी हळूच “वीस” म्हणे.

कीर्तीने पहिला कागद प्रणितला द्यायला हात पुढे केला. त्याच्या शेजारी ठाण्याची प्रांजल बसली होती. प्रणितचा मोबाईल त्याच्या चपलेत पडला होता.

“जरा बाजूला हो,” वेणूताई मागून कुजबुजल्या. “पोरांना दिसत नाय. आनि प्रणित, त्या वेलीमागच्या दोन मोजल्यास का नाय रे?”

कागद घ्यायला कोणीच तयार होईना. बँकेतल्या कारकुनाने तो वाचला, घडी केली आणि खाली ठेवून त्यावर बसला. आशालताबाईंनी टोकाच्या एका रिकाम्या बाकावर बैठक मारली. तासाभरात त्यांना आपला राग नेमका कोणावर होता ते आठवेनासं झालं.

काठाच्या टोकाला एक जण एकटाच बसला होता. सदतीस-अडतीसचा, जसईचा काशिराम घरत. तो कंटेनरच्या यार्डात काम करी. आलेले-गेलेले डबे मोजून वहीत मांडायचे. कीर्ती जवळ आल्यावर त्याने केंद्रातून आलात का म्हणून विचारलं, आणि तक्रार आहे असं सांगितलं. कीर्तीने निमूटपणे त्याचा कागद काढून दिला. चूक आमची आहे, तुमची खरी अपेक्षा ही, असं म्हणाली.

त्याने कागदाकडे बघितलंच नाही. “आमचं म्हननं येगळं हाय,” तो गंभीरपणे म्हणाला. “आमी तीन वाजल्यापासून मोजतोय. तिथं पाणकोंबड्या सातच हायत. बाकीचे समदे चांदवे. कपाळावर पांढरा टिळा दिसतो का? पाणकोंबडीचं कपाळ लाल असतं. हे ज्यानं लिवलं त्याला पक्षी ठावा नाय.”

कीर्तीने पाण्याकडे बघितलं. काळे गोल पक्षी संथपणे वळत होते, आणि प्रत्येकाच्या कपाळावर स्पष्ट पांढरा टिळा होता. सात वर्षं. इतक्या लांबच्या खिडकीतून कपाळ कुठून दिसणार.

“मी लिहिलंय ते,” ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना ते पहिल्याइतकं जड गेलं नाही.

काशिरामने तिच्याकडे प्रथमच नीट बघितलं आणि मग पुन्हा पाण्याकडे, कारण तिकडे बघणं सोपं होतं. चुकीचं असलं तरी लिवलंय चांगलं, असं काहीसं तो पुटपुटला. आपल्या नावापुढे ते राहू द्यायला त्याची हरकत नव्हती, फक्त पक्ष्याचं नाव दुरुस्त करून हवं होतं. ते फोनवर होईल का, असं त्याने विचारलं.

ती दुरुस्ती दोन मिनिटांची होती. कीर्ती हो म्हणायला गेली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

“फोनवर नाही होत. केंद्रात यावं लागतं. सही लागते.”

असा कुठलाही नियम केंद्रात नव्हता. तिने घाबरून मागे बाकाकडे बघितलं. आशालताबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

“एका खेपेत व्हायचं नाही ते,” त्या काशिरामला म्हणाल्या. “तीन-चार वेळा यावं लागेल.”