बसाप्पांच्या प्रोग्रामविरुद्ध तक्रार

दोन हजार तीन सालची नागपंचमी: माझ्या अर्जात ‘आहे’चे ‘हाय’ झाले. जबाबदार, शेजारी बसाप्पा. त्याच वर्षीची खंडेनवमी: माझ्या नळाचा नाला झाला. जबाबदार, बसाप्पा आणि त्यांचे कुंकू. गेला रविवार: बसाप्पांच्या घरचे सामान टेम्पोवाला पाहून गेला. जबाबदार, त्यांचा बंगळूरचा मुलगा. आणि काही अंशी, कबूल करतो, मी.

बसाप्पांनी लक्ष्मीपुरीत खिळे-बिजागऱ्यांचे दुकान चालविले. ते आवरल्यावर कॉम्प्युटर आणला. “तीस वर्सं हार्डवेअर विकलं, आता साफ्टवेअर करतोय. लाइन तीच हाय की!” पुस्तके उलगडून, रोज स्वतःशी भांडून, मराठी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम त्यांनी एकट्याने रचला. मी कोर्टातला निवृत्त शिरस्तेदार; माझे तक्रारअर्ज त्यावर छापून देण्याचा त्यांचा हट्ट असे.

माझा मजकूर होता, ‘गटार तुंबलेले आहे, दखल न घेतल्यास अर्जदार स्वस्थ बसणार नाही.’ बसाप्पांनी परस्पर टपालात टाकलेल्या प्रतीत होते, ‘गटार तुंबलेले हाय, दखल न घेतल्यास अर्जदार स्वस्थ बसणार न्हाय.’

“बसाप्पा, ही भाषा अशुद्ध आहे!”

“कोण म्हणतंय? मशीननं तपासलीया, सायेब.”

गटार तिसऱ्या दिवशी उपसले गेले, हा मुद्दा येथे गैरलागू आहे.

खंडेनवमीला त्यांनी कीबोर्डची यथासांग पूजा केली. कुंकू नेमके ‘ळ’च्या कळीत शिरून ती अडकली. ‘आमच्या नळाला गळती लागली आहे’ या माझ्या तक्रारीचे ‘आमच्या नाला गती लागली हाय’ असे झाले. संबंधित कार्यालयाने उत्तर धाडले: नाल्यास गती आल्याचे वाचून समाधान वाटले, तक्रार निकाली.

मी बसाप्पांवरच नोटीस बजावली. सात दिवसांत खुलासा. ती त्यांनी मशीनमधून शुद्ध करून मला परत आणून दिली, आणि पायरीवर बसले.

“मशीनला मराठी शिकवायची तर शब्द पायजेत, सायेब. बायकोचं, शांताचं, बोलणं आठवून आठवून घातलं. पयला शब्द ‘व्हय’. ती गेल्यापास्नं घरात ‘व्हय’ म्हणाय कोण हाय?”

मी नोटीस घडी करून खिशात घातली. त्यानंतर माझे सर्व अर्ज ‘हाय’सकट गेले. एकदाही हरकत घेतली नाही.

रविवारी टेम्पोवाला गेल्यावर मी त्यांना म्हणालो, “बंगळूरला मुलाकडे तुम्हांला भाषेची अडचण नाही. कन्नड तुम्हांला येतेच.”

“कन्नड येतंय की. पर भांडाण मराठीतच रंगतंय. तिथं भांडू कुणासंगं?”

उत्तर माझ्या तोंडाशी आले होते. पण मी म्हणालो, “मुलाकडे तसा रीतसर अर्ज करा.” माझी जबाबदारी ती हीच.

सबब बसाप्पांना या जाहीर पत्राने कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी गल्लीच्या कट्ट्यावर, चारचौघांदेखत, त्यांनी खालील एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. हे पत्र मी हाताने लिहिले आहे. यातील एकाही शब्दाला मशीन जबाबदार नाही.

बसाप्पा, ऱ्हाणार हाय का न्हाय?