आक्काची कौलं

आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी पहिलं भांडण सूर्याशी करायचे. दारात उभं राहून चूळ भरायची, पूर्वेकडं डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "आलास? कुनी बोलिवलतं?" मग दिवसभर माणसांची पाळी.

नानांनी उभी हयात संस्थानच्या पागेत घोड्यांवर देखरेख करण्यात काढली. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, आणि नाना मंगळवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राग राग करत बसले. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. दूध पातळ आलं, टपाल उशिरा आलं, शेजाऱ्याकडं पावणं आलं, सगळ्याला वाक्य एकच, "ह्येला काय अर्थ हाय?" उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. आणि गप्प राहावं तर तेही खपत नसे. "मी मानसाशी बोलतोय, का भिताडाशी?"

माझं नुकतंच लग्न झालं होतं. सुमन कोकणातली. तिला पन्हाळा बघायचा होता म्हणून वैशाखातला एक रविवार ठरला. नानांच्या कानावर गेलंच.

"वैशाखात? ह्येला काय अर्थ हाय? त्या दगडावर हाय काय बघायला?"

रविवारी उजाडता उजाडता आम्ही स्टँडवर पोचलो, तर पटका बांधून नाना आमच्या आधी हजर. "मास्तर, तुमास्नी कोनबी फशीवल. चला."

एसटी घाटात धापा टाकू लागली, तशी ते ड्रायव्हरवर खेकसले, "घोडं असतं तर आतापतूर वर जाऊन चरत बसलं असतं!" वर उतरल्यावर गड दाखवणं सुरू झालं, पण तेही रागानंच. अंबारखान्यापुढं सुमननं भीत भीत विचारलं, "हे काय हो, नाना?"

"धान्याचं कोठार, वैनी. पयलं फौज खायाची, आता वटवागळं ऱ्हात्यात."

तीन दरवाजापाशी कडक इस्त्रीच्या कपड्यांतला एक तरुण कोळशानं भिंतीवर आपलं नाव लिहीत होता. नानांनी मागून त्याची मानगूटच धरली. "तुज्या बानं बांदलाय व्हय रं? पूस! रुमालानं न्हवं, त्या बाहीनं पूस!" पांढरी बाही काळी होईपर्यंत सोडलं नाही. सुमन माझ्या मागं लपली.

उन्हं तापली. आता परतावं म्हणून मी बोलणार, तेवढ्यात नाना न सांगता एका बोळात वळले. आम्ही मागोमाग. बोळाच्या टोकाला कौलारू घर, फणसाखाली बांधलेली म्हैस, आणि अंगण झाडणारी, एका पायानं लंगडणारी म्हातारी. तिनं मान वर केली.

"आला का कावळा, काव काव कराय?"

"ही आमची आक्का," नाना तक्रार सांगावी तसे म्हणाले. त्यांना बहीण आहे, हे पेठेत कुणाला माहीत नव्हतं.

आक्कानं आम्हाला ताक दिलं. आई गेली तेव्हा नाना रांगत होते, त्यांना तिनंच वाढवलेलं. गेल्या पावसाळ्यात ती शेवाळावरून घसरून अंगणात पडली. दिवसभर भिजत पडून राहिली, संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा कळलं. नानांना तर ते दिवाळीला समजलं.

"औंदा पावसाच्या आदी खाली चल," नाना कडाडले. "सांगून ठेवतोय!"

"आन् म्हस?"

"म्हस बी आन!"

"कुटं बांदू? तुज्या माळ्यावर?"

"माज्या डोस्क्यावर बांद! पर हितं मरू नगंस!"

"मी लगीन होऊन ह्या घरात आले. हितनंच जानार. वरडून काय हुतंय?"

सुमननं पेला खाली ठेवला. आता काय होतंय, असं आम्हा दोघांनाही वाटलं. पण नाना ओरडले नाहीत. पटका काढून मांडीवर घेतला आणि इतक्या हळू बोलले की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"माज्या घरात कोन न्हाय गं, आक्का."

आक्का बराच वेळ केरसुणीच्या काड्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "ठाव हाय मला. मग तूच ऱ्हा की हितं."

"ह्या दगडावर?" नाना ताडकन उठले, परसात गेले, शिडी आणून भिंतीला लावली आणि छपरावर चढले. "माकडांनी निम्मी कौलं फोडल्यात! पावसात डोस्क्यावर काय घेशील, परात?" एकेक कौल उचलून ते बघू लागले. फुटकं असलं की माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार, धड असलं की कुंभाराचा.

आमच्या गाडीची वेळ झाली. मी खालून हाक मारली.

"तुमी व्हा म्होरं, मास्तर. ह्ये एका दिसाचं काम न्हवं."

बोळाच्या तोंडाशी सुमन थांबली आणि मागं वळून बघू लागली. मीही बघितलं. नाना पार आढ्यापाशी पाठमोरे बसले होते, कौलांशी भांडत. आणि खाली भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, आक्का दोन्ही हातांनी ती रिकामी शिडी घट्ट धरून उभी होती.