क्वार्टर नंबर सातच्या चिकूवरील स्वारीची हकिकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि चूकभूल वाचणाराने पदरात घ्यावी ऐसी विनंती करून, सिल्वासा कसब्यातील सरकारी वसाहतीत शके अठराशे एकोणनव्वद, प्लवंग नाम संवत्सरी, पौष मासी जे घोर प्रकरण गुदरले त्याची साद्यंत हकिकत लिहितो. साहेबांची आज्ञा झाली म्हणोन नव्हे. येथील साहेब वाचीत काही नाहीत, फक्त सही करितात. आम्ही समोरच्या क्वार्टरात राहतो, सर्व डोळां देखिले आणि पोटात राहवेना, म्हणोन लिहिले.

क्वार्टर नंबर सातचे धनी राजमान्य राजश्री जयवंतराव, बांधकाम कचेरीचे हेडक्लार्क, मूळ राहणार राजापूर प्रांत. फिरंग्यांचा अंमल उठोन मुलूख दिल्लीच्या सरकारात रुजू झाला, ते समयी दोन वर्षांच्या बोलीवर मुंबईहून या कामी नामजाद झाले, आणि त्या दोन वर्षांची सात झाली, तरी बदलीचा हुकूम आज येतो की उद्या, या धास्तीने घरातील दोन ट्रंकांचे दोर अद्याप सोडिले नाहीत. त्यांचे कुटुंब शैलजाबाई, मराठी शाळेत मास्तरीण. त्यांनी आल्या वर्षीच घोलवडाहून चिकूचे कलम आणविले आणि स्वयंपाकघरामागे खड्डा घेण्याची मसलत मांडिली. रावसाहेबांनी ती जागीच मोडून काढिली. आज झाड लावावे, उद्या बदली व्हावी आणि फळे मागून येणाराने खावी, ऐसा नादानपणा करणे नाही. झाड कुंडीत राहील आणि ट्रंकांबरोबर कूच करील, ऐसे फर्माविले.

मग कोण्या इंग्रजी मासिकात जपानी लोक भले मोठे झाड ताटलीत वाढवितात ऐसे चित्र पाहिले, आणि त्याची विद्या बोनसाय नामे प्रसिद्ध आहे ऐसे वाचिले, आणि रावसाहेबांस वेड लागले. दरसाल झाड उपटावे, मुळ्या छाटाव्या, फांद्यांस तांब्याची तार आवळावी आणि पाणी चमच्याने घालावे, ऐसा जुलूम चालविला. झाड मोठे सोशीक. सव्वा हातावर थांबले, खोड म्हाताऱ्यासारखे सुरकुतले, आणि सातवे वर्षी एक चिकू धरिला, अक्षरी एक, लिंबाएवढा. आल्यागेल्यास कुंडीपाशी उभे करून रावसाहेब बजावीत की हे शोभेचे रोप नव्हे, पुरते झाड आहे, यास फक्त उंचीचा गर्व नाही. शैलजाबाई आतून म्हणत,

"वाढू द्यायचं नाही आणि फळ मात्र हवं. कचेरीतच शिकलात हे!"

आठ नंबरात भास्करराव, वृक्षनिगराणी कचेरीचे मातबर कारकून. दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आणि भिंतीवर ती कुंडी. भास्करराव रोज सकाळी कपबशी घेऊन येत आणि नखाने चिकू खरवडून पाहत, आणि खाली हिरवे दिसले की "अजून कच्चा" ऐसा निवाडा देऊन परत जात. फळाच्या अंगावर वणांस जागा उरली नव्हती.

युद्धाचे कारण ऐसे की, एक फांदी वीतभर आठ नंबरच्या हद्दीत उतरली. दुसरा कोणी असता तर कात्री चालवून मोकळा होता. परंतु सरकारी वसाहतीत फळझाडाची फांदी परवानगीवाचून तोडू नये ऐसा दस्तूर, आणि रावसाहेब दस्तुराचे पुतळे. सात वर्षे मुळ्या छाटल्या त्याविषयी दस्तूर मुका होता, सबब त्यांचे मन स्वच्छ होते. छापील अर्ज भरिला. जात चिकू, वय सात वर्षे, अडथळा तो शेजारील हद्दीत फांदी झुकली आहे. उंचीचा रकाना अर्जात नव्हता, आणि रकाना नाही ते लिहिणे रावसाहेबांच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते.

अर्ज फिरत फिरत भास्कररावांच्या टेबलावर आला. ज्या हाताने सकाळी चिकू खरवडला, त्याच हाताने त्यांनी दुपारी शेरा मारिला की, सात वर्षांचे फळझाड सरकारी भिंतीवर झुकणे भिंतीच्या जिवास धोक्याचे, सबब फांदीवर न भागविता झाड समूळ तोडावे. साहेबांनी सही ठोकिली आणि संध्याकाळी भास्करराव घरी येऊन त्याच भिंतीस टेकून पान खात बसले.

तिसरे दिवशी प्रहर दिवसास मसाट गावच्या वाटेने फौज आली. कुऱ्हाडवाले असामी चार, मोठी करवत एक, दोरखंडाची वेटोळी दोन, पहारी दोन, लाकूड वाहून नेण्यास बैलगाडी एक, आणि अग्रभागी हुकमाचा कागद घेऊन निगराणीचे शिपाई. वसाहत सगळी गोळा झाली. कुऱ्हाडवाल्यांचा म्होरक्या आभाळाकडे पाहत दोन वेळा घराभोवती फिरला आणि म्हणाला,

"झाड किधर हाय, शेठ? आम्ही गाडी पण आणलीय."

रावसाहेबांनी कुंडीकडे बोट केले. फौजेत जो हशा उठला तो बाजारापर्यंत गेला. गाडीच्या बैलाने कुंडीकडे तोंड नेले, तो कासरा ओढून आवरिला. शिपाई मात्र हसले नाहीत. हुकूम तामील झाला ऐसे लिहून न दिल्यास त्यांच्या नोकरीवर गदा येणार होती. कुऱ्हाड राहू द्या, कोयता पुरे, ऐसे त्यांनी फर्माविले. कोयता निघाला, आणि रावसाहेब धावले आणि कुंडीस मिठी मारून उभे राहिले. तेव्हा मात्र आमचेही हसू गेले. सात वर्षांत या माणसाने वसाहतीत दुसऱ्या कशावर जीव लावलेला आम्ही पाहिला नव्हता.

भास्कररावांस बोलावणे गेले. ते कपबशीसह दाखल झाले.

"भास्करराव, रोज बघता ना हो!" रावसाहेब रडकुंडीस येऊन म्हणाले. "एवढंसं झाड भिंत पाडील?"

"मी बघतो ते वेगळं," भास्करराव म्हणाले. "फायलीत झाड मोठं आहे."

मग खलबत बसले. सही झालेला हुकूम मागे फिरत नाही. परंतु झाडच नसेल तर हुकूम तोडील कोणास? सबब रावसाहेबांनी लिहून द्यावे की, सदर वस्तू झाड नव्हे, घरगुती सामान होय. कागद आला, दौत आली, आणि रावसाहेबांची लेखणी "झाड" येथवर येऊन अडली. सात वर्षांची बढाई आपल्याच अक्षरात पुसावयाची होती. शिपाई अंगठ्याने कोयत्याची धार पाहू लागले. मग रावसाहेबांनी डोळे मिटले आणि "नव्हे" लिहिले, आणि तीन प्रतींवर सही केली, आणि तहनामा पुरा झाला.

शैलजाबाई मधल्या सुट्टीत घरी येऊन हे सर्व पाहत होत्या. त्यांनी एक प्रत उचलली आणि पोरांची वही तपासावी तशी दोनदा वाचली.

"म्हणजे हे सामान झालं."

"कागदोपत्री," रावसाहेब म्हणाले.

"मग घरातलं सामान कुठं ठेवायचं ते मी बघते. तुम्ही कधी बघितलंय?"

ऐसे बोलून त्यांनी म्होरक्यास स्वयंपाकघरामागे खड्डा घेण्याचा हुकूम केला. झाड तोडण्यास आलेल्या पहारींनी घटकेत कमरेइतका खड्डा खणिला. बाईंनी तारा सोडविल्या. फांद्यांत रुतल्या होत्या तेथे पांढरा चीक आला, तो पदराने टिपला, आणि कुंडी फोडून झाड जमिनीत बसविले. रावसाहेबांनी तोंड उघडिले, सही आठवली, तोंड मिटले. इतक्यात भास्कररावांचे नख सवयीने चिकूकडे गेले.

"तुम्ही फायलीतल्या झाडाचे खा," बाई म्हणाल्या. "ते मोठं आहे."

फौजेस चहा आणि चिवडा देऊन निरोप दिला. रिकामी गाडी मसाटकडे गेली.

येणेप्रमाणे राजश्री जयवंतराव यांची फत्ते झाली, झाड राखिले, स्वारी परतविली, ऐसे तीन प्रतींत दाखल आहे. एक प्रत वृक्षनिगराणीत लागली, दुसरी बांधकाम कचेरीत गहाळ झाली, तिसरी शैलजाबाईंजवळ आहे. झाड हल्ली खिडकीस लागले. रावसाहेब अधूनमधून कात्री घेऊन मागील दारी जातात, तेव्हा बाई ती प्रत काढितात आणि सहीपर्यंत मोठ्याने वाचितात, आणि विजयी वीर कात्रीसह घरात परततात.