निष्ठावान चाहत्याच्या टोपीचे प्रकरण

मोटार शर्यतींच्या हंगामातला सर्वांत निष्ठावान चाहता म्हणून लोवेल पिकेटची रीतसर निवड झाली. निष्ठेचा पुरावा म्हणून त्याच्याकडे एकच वस्तू होती आणि ती त्याच्या डोक्यावर होती. ‘ब्लू म्यूल’ इंजिन ऑइलची टोपी. एके काळी ती निळी होती, आता कुठल्याच रंगाची राहिली नव्हती. तिच्यावरचं खेचर अर्धं उसवलेलं होतं आणि उजव्या कानाच्या वर सिगारेटनं पडलेलं एक भोक होतं. हीच टोपी घालून काढलेला फोटो लोवेलनं स्पर्धेला पाठवला होता. परीक्षक मंडळानं टोपीकडे पाहून एकमतानं त्याला निवडलं आणि कॉपर रिजच्या शर्यतीचा अख्खा दिवस पडद्यामागं, एकसष्ट नंबरच्या संघासोबत काढण्याचा मान बहाल केला.

टोपी खरं तर त्याची नव्हतीच, थोरल्या भावाची, व्हर्जिलची होती. तीस वर्षांपूर्वी एकसष्ट नंबरची गाडी होइट टॅकेट चालवत असे. एका शर्यतीच्या सकाळी त्याच्या गाडीचा फॅन बेल्ट तुटला. व्हर्जिलनं आपल्या ट्रकचा बेल्ट काढला आणि कुंपणावरून आत दिला. होइट जिंकला, कुंपणापाशी आला आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यानं व्हर्जिलच्या डोक्यावर ठेवली. ट्रक बसलेला, म्हणून व्हर्जिल त्या दिवशी चालत घरी आला आणि वाटेत भेटेल त्याला टोपी दाखवत आला.

आता होइट नव्हता. गाडी त्याचा मुलगा वेड चालवत होता. सूतगिरणीतल्या कापसानं छाती भरलेला व्हर्जिल वृद्धाश्रमाच्या खाटेवर नाकात नळी घालून पडला होता. पुढचा हंगाम तो बघेल, असं डॉक्टर काही बोलत नव्हते.

“सही-बिही काही आणू नकोस,” लोवेल निघताना तो म्हणाला होता. “फक्त माझी टोपी घालून त्या पोराच्या शेजारी टीव्हीवर उभा राहा. मी इथून बघतो. आणि त्याला सांग, ही तुझ्या बापाची आहे. जमेल का एवढं, की तिथं जाऊन खातच बसशील?”

“जमेल रे,” लोवेल म्हणाला.

फाटकापाशी त्याला न्यायला मिस केंडल आली. ती चाहता-अनुभव विभागाची उपप्रमुख होती. वय पंचविशीचं आणि हसू दिवसभर टिकेल असं.

“मिस्टर लोवेल! तुम्हाला भेटून किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुमच्या टोपीचा फोटो बघून आमच्या ऑफिसात दोघीजणी रडल्या. आता ती काढा.”

“काय काढू?”

“टोपी. आपल्या गाडीचं ऑइल दुसऱ्या कंपनीचं आहे ना! संघाच्या हद्दीत प्रतिस्पर्धी मालाचं प्रदर्शन करता येत नाही.”

“अहो बाई, ब्लू म्यूल बंद पडून वीस वर्षं झाली.”

“तेच तर अवघड आहे. आता त्यांची हरकत नाही हे लिहून द्यायलासुद्धा कुणी नाही,” मिस केंडल कळवळून म्हणाली.

अशा रीतीनं ज्या टोपीमुळे लोवेलची निवड झाली, ती टोपी पारदर्शक पिशवीत बंद झाली. दिवसाच्या शेवटी फोटोपुरती परत देऊ, असं केंडलनं सांगितलं. तिच्या बदल्यात त्याला अंगभर कंपन्यांचे कपडे आणि तीन टोप्या मिळाल्या. गॅरेजमध्ये ऑइलवाल्यांची, जेवणाच्या तंबूत पंखवाल्यांची आणि शर्यतीत गाड्या टायर बदलायला थांबतात त्या पिटच्या भिंतीपाशी पित्तवाल्यांची. एकसष्ट नंबरच्या डाव्या अंगावर तिखटजाळ कोंबडीचे पंख विकणारी कंपनी होती आणि उजव्या अंगावर पित्ताच्या गोळ्या विकणारी. दोघींचा संसार सुखाचा चालला होता.

गॅरेजमध्ये निरीक्षक गाडीची तपासणी करत होते. इंजिन, सांगाडा, टाकी हे सगळं झटपट उरकलं. मग गाडीवरचे स्टिकर मापायला घेतले, तेव्हा वातावरण गंभीर झालं. पित्तवाल्यांचा स्टिकर पंखवाल्यांच्या स्टिकरपेक्षा बोटभर कमी भरला. काम थांबलं आणि दोन्हीकडचे वकील आले. मेकॅनिक मंडळी चाकं सोडून उभी राहिली. लोवेलला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे होते, पण मध्ये दोर होता. पडद्यामागच्या पाहुण्यांसाठी तो खास बांधला होता.

तंबूत त्यानं पंख खाल्ले. दुसऱ्याच पंखाला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्याला पोटात आगडोंब उसळला.

“एखादी गोळी मिळेल का?” त्यानं विचारलं.

“शू!” मिस केंडलनं आजूबाजूला पाहिलं. “इथं नका मागू. हा पंखांचा तंबू आहे, त्यांचा अपमान होईल. गोळ्या फक्त पिटच्या भिंतीपाशी. दोनच्या पुढं.”

लोवेल पोट दाबून बसून राहिला. बाहेर बाकांवर तिकीट काढून बसलेले लोक घरून आणलेले तळलेल्या बोलोना सॉसेजचे सँडविच मजेत खात होते. त्यांचा त्याला प्रथमच हेवा वाटला.

दुपारी वेड टॅकेट आला. अंगभर स्टिकर. लोवेलनं हात पुढे केला आणि वेडनं तो धरला.

“आज गाडी एकदम झकास आहे, सर,” वेड म्हणाला. “पंखवाल्यांचे आभार, गोळीवाल्यांचे आभार, ऑइलवाल्यांचे आभार, टायरवाल्यांचे आभार आणि वरच्या देवाचे आभार.”

देव शेवटी आला, कारण त्याचा करार नव्हता.

“पोरा, माझा भाऊ व्हर्जिल,” लोवेल घाईघाईनं म्हणाला, “त्यानं तुझ्या बापाला फॅन बेल्ट दिला होता. तुझ्या बापानं त्याला टोपी दिली. ब्लू म्यूलची. ती मी आणलीय.”

वेडचा हात सुटला नाही. “बाबांची टोपी? कुठंय?”

“वेड, ते बोलणं आत्ता नको,” मिस केंडल मध्ये पडली. “वडील वारसा विभागाकडे आहेत.”

“केंडल, बाप आहे तो माझा.”

“बाप तुझाच आहे रे. आठवणी त्यांच्याकडे आहेत. परवानगी काढावी लागते.”

“पिशवी आण,” वेड म्हणाला.

पिशवी आली. वेडनं ती दोन्ही हातांत धरली आणि प्लास्टिकवरून भोकावर बोट फिरवलं.

“हे मी पाडलंय,” तो हळूच म्हणाला. “सहा वर्षांचा होतो. बाबांची सिगारेट पळवली होती. काय फटकावलंय त्यांनी मला!” आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

बाजूला खाकी पँट घातलेले विक्री विभागाचे दोन साहेब होते. त्यातल्या एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं.

“पाणी आलं त्याच्या डोळ्यांत. पाहिलंस?”

“पाहिलं. गोळ्यांच्या जाहिरातीसाठी तीन वर्षं मर मर मेलो, तेव्हा नाही आलं.”

दोघांनी जागच्या जागी बैठक घेतली. टोपी ‘सुरक्षिततेसाठी’ त्यांच्या ताब्यात गेली.

शर्यत सुरू झाली. निष्ठावान चाहत्याची जागा पिटच्या भिंतीमागं होती. तिथून त्याला टायरांची एक रास आणि टीव्हीची पाठ दिसत होती. गाड्या आवाजावरून ओळखायच्या. कुणीतरी धडकलं, लोक ओरडले, पण कोण धडकलं हे त्याला समजलं नाही. गोळी मात्र मिळाली.

निम्मी शर्यत झाली तरी टोपीचा पत्ता नव्हता, म्हणून तो शोधायला निघाला. सामानाच्या ट्रकमागं मोठी धावपळ चालली होती. ब्लू म्यूलच्या मालकाचा नातू कुठूनसा फोनवर शोधून काढला होता आणि तिसाव्या फेरीला खेचराचा हक्क विकत घेऊन झाला होता. टेबलांवर नव्या निळ्या टोप्यांच्या चळती होत्या. एकजण त्यांचा रंग उडवत होता, दुसरा खेचर अर्धं उसवत होता. भोकं सिगारेटनं पाडायची होती, पण आरोग्य-धोरण आडवं आलं, म्हणून ती ड्रिलनं पाडत होते. शेवटची बाई कडेला घामाचे डाग पाडत होती. त्यासाठी गोड चहा वापरला होता. मधोमध चिमट्यात धरून ठेवली होती व्हर्जिलची टोपी.

“माझी टोपी द्या,” लोवेल म्हणाला.

“आता ती टोपी नाही, मूळ नमुना आहे,” खाकी पँटवाला म्हणाला. “काचेच्या पेटीत जाणार. खाली पाटी लागेल, ‘एका सामान्य चाहत्यास प्रदान’.”

“त्याचं नाव व्हर्जिल पिकेट आहे.”

“नाव घालून पाहिलं हो. पण ‘सामान्य चाहता’ असलं की गिऱ्हाइकाला आपलं वाटतं.”

“अहो, तो खाटेवर पडून टीव्ही बघतोय! ती टोपी दिसेल म्हणून बघतोय!”

“टोपी दिसणारच,” मिस केंडल त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. “त्याची काळजीच करू नका, मिस्टर लोवेल.”

आणि वेड टॅकेट जिंकला.

जिंकल्यावर टोप्या बदलायचा रिवाज असतो. संघ गाडीपुढं उभा राहतो, एका कंपनीची टोपी घालतो, हसतो, फोटो निघतो, की लगेच दुसरी. लोवेलला वेडच्या शेजारी उभं केलं होतं. त्यानं पंखवाल्यांची घातली, हसला. ऑइलवाल्यांची घातली, हसला. कुठल्याशा बँकेची घातली, गादीवाल्यांची घातली, पित्तवाल्यांची घातली. गाल दुखायला लागले. टीव्हीचा कॅमेरा अजून आला नव्हता. तो शेवटच्या टोपीसाठी राखून ठेवला होता.

शेवटची टोपी ब्लू म्यूलची निघाली. त्या सगळ्यांना वाटल्या, लोवेलपाशी येताच संपल्या.

“तुम्ही जरा बाहेर या,” रखवालदार म्हणाला. “तुमच्या डोक्यावर पित्त आहे. या फोटोत फक्त वारसा.”

“मग मला द्या ना एक!”

“फाटकापाशी विकायला आहेत की. घ्या आणि या पळत.”

लोवेल पळाला. फाटकापाशी माणसांची ही झुंबड उडालेली! रांगेत उभं राहून मान उंच करून त्यानं मोठ्या पडद्यावर पाहिलं. कॅमेरा आला होता. वेडच्या डोक्यावर टोपी होती. तो आजूबाजूला कुणाला तरी शोधत होता, मग कॅमेऱ्यामागं धरलेल्या पाटीकडे त्याची नजर गेली.

“ही माझ्या बाबांची टोपी,” त्यानं वाचलं. “आजपासून सर्व फाटकांवर उपलब्ध.”

संध्याकाळी लोवेल वृद्धाश्रमात पोचला, तेव्हा व्हर्जिल उशीला टेकून जागाच होता.

“पाहिलंस?” लोवेलनं विचारलं.

“पाहिलं. पोराच्या डोक्यावर होती. तू कुठं होतास?”

“रांगेत.”

लोवेलनं पिशवीतून टोपी काढून भावाच्या डोक्यावर ठेवली. व्हर्जिलनं उजव्या कानावर बोट नेलं आणि ते तिथंच थांबलं.

“भोक फार गोल आहे,” तो म्हणाला. मग टोपी काढून त्यानं नाकाशी धरली. “आणि हिच्यावर चहा कुणी सांडला?”

लोवेल रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

“माझी कुठंय रे?”

“काचेत ठेवतायत.”

व्हर्जिलला श्वास पुरेना. त्यानं नळी नीट केली. त्याला रडू येत होतं आणि ते धाकट्याला दिसू नये म्हणून तो खेकसला.

“होइटनं ती माझ्या डोक्यावर ठेवली तेव्हा काय मागितलं होतं?”

“काही नाही.”

“आज त्या पोराला ही घालायचे पैसे मिळाले असतील?”

“मिळाले असणार.”

“आणि तुला?”

“मी दिले,” लोवेल म्हणाला. “निष्ठावान चाहत्यांना दहा टक्के सूट होती.”

“काढ गाढवा, ते सगळं अंगावरचं काढ!”

लोवेलनं पित्तवाल्यांचं जाकीट काढलं. पंखवाल्यांचा शर्ट काढला. पँट ऑइलवाल्यांची होती, ती काढली. शेवटी तो भावासमोर अंतर्वस्त्रांवर उभा राहिला, तर कमरेच्या इलॅस्टिकवरही कुणाचं तरी नाव ठळक अक्षरांत विणलेलं होतं. तेवढ्यात औषध द्यायला नर्स आत आली. लोवेलकडे तिचं लक्षच गेलं नाही.

“अगं बाई, टीव्हीवरची टोपी!” ती म्हणाली. “कुठं मिळते हो?”

व्हर्जिलनं ती टोपी तिला देऊन टाकली आणि काही मागितलं नाही. तेव्हा ती घ्यावी की नाही, असा तिला संशय आला.

आपण हे वाचून हसला असाल, तर हरकत नाही. हसून झाल्यावर मान खाली घालून आपल्या छातीवर कुणाचं नाव आहे तेवढं वाचावं, आणि ते मिरवल्याबद्दल त्यांनी आपल्याला काय दिलं ते व्हर्जिल पिकेटला कळवावं. जरा लवकर कळवलंत तर बरं, त्याच्याकडे वेळ थोडा आहे.